एचआरसीटीचा स्कोअर आठवतोय? त्याच स्कॅनमध्ये हृदयाभोवतीची चरबीही दिसते

एप्रिल 2021. कोरोनाची दुसरी लाट. बीड असो, परळी असो की अंबाजोगाई, नातेवाइकांचा फोनवर पहिला प्रश्न एकच असायचा, "स्कोअर किती आला?"

हा स्कोअर म्हणजे छातीच्या स्कॅनवरून फुप्फुसं किती बाधित झालीत, याचे 25 पैकी गुण. पण त्याच स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे हृदयावरची चरबी.

ही चरबी करते काय?

हृदयावर चरबीचा थर प्रत्येकाच्याच असतो. थोडी चरबी हृदयाला उपयोगी असते. थर जाड झाला की मात्र त्यातून इंटरल्यूकिन-6 सारखे दाह वाढवणारे घटक जास्त स्रवू लागतात. ही चरबी आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदा नसल्यानं हे घटक थेट स्नायूपर्यंत पोहोचू शकतात. त्यात विषाणूमुळे शरीरभर दाह उसळला, तर आगीत तेल.

संशोधन काय सांगतं?

इटली आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी कोरोना रुग्णांचे स्कॅन तपासले. ज्यांच्या हृदयावर चरबी जास्त होती किंवा त्या चरबीत दाहाच्या खुणा होत्या, त्यांच्यात गंभीर आजाराचं प्रमाण जास्त दिसलं. अर्थात, हा फक्त संबंध आहे. चरबीमुळेच आजार बळावला, असं यातून सिद्ध होत नाही.

'मी तर बारीक आहे!'

इथंच फसगत होते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली एकूण चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के! म्हणजे वजनकाटा सगळं सांगत नाही.

मग करायचं काय?

फक्त ही चरबी बघायला सीटी स्कॅन करू नका. घरातला टेप घ्या आणि पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा 90 सेंटिमीटरपेक्षा आणि महिलांचा 80 पेक्षा जास्त असेल, तर आतली चरबी वाढल्याची शक्यता असते. शुगर आणि बीपी तपासून घ्या. वजन कमी केलं, नियमित व्यायाम केला, की हृदयावरची चरबीही घटते.

आणि तापासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर अंगकाठी बघून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.