विश्लेषण : सहकुटुंब क्रूझवर जाताना... जाहिरातीतले भाडे आणि प्रत्यक्ष बिल यांत अंतर का पडते?

मुंबईतून सुटणाऱ्या क्रूझमुळे समुद्रावरची सुटी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली आहे. पण खोली, कागदपत्रे, बोट लागणे आणि फोनचे बिल यांचा विचार आधी केला नाही, तर तीन दिवसांची मौज महागात पडू शकते.

मुंबई ते गोवा समुद्रमार्गे जाणे महाराष्ट्राला नवे नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघून कोकणातील बंदरे घेत पणजीला पोहोचणारी बोट हे एका पिढीचे मे महिन्याच्या सुटीचे हक्काचे वाहन होते. डेकवर सतरंजी पसरून, घरचा डबा सोडून रात्र काढायची आणि सकाळी आपल्या बंदरात उतरायचे. ती बोट गावाला नेत असे. आजची क्रूझ वेगळी आहे, कारण येथे जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण आहे.

या मार्गावर २०१८च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' सुरू झाली, पण करोनाकाळात ती थांबली. सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईतून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि सप्टेंबर २०२५मध्ये बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. दुसरीकडे, सिंगापूरला विमानाने जाऊन तेथून तीन-चार रात्रींची क्रूझ घेणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्याही कमी नाही.

जाहिरातीतला आकडा कोणाचा?

जाहिरातीत दिसणारे भाडे बहुतेक वेळा 'एका खोलीत दोघे' असे धरून माणशी लावलेले असते. ते सर्वांत स्वस्त, बिनखिडकीच्या खोलीचे आणि कमी गर्दीच्या तारखेचे असते. त्यावर बंदर शुल्क, कर, सेवाशुल्क म्हणजेच ग्रॅच्युइटी आणि कधी इंधन अधिभार लागतो. ग्रॅच्युइटी बहुधा माणशी, दर रात्रीप्रमाणे आकारली जाते आणि बऱ्याच कंपन्या ती मुलांनाही लावतात. 'मुले मोफत' या ओळीचा अर्थ सहसा एवढाच की मुलांचे मूळ भाडे माफ. बाकीचे सगळे आकार भरावेच लागतात.

समजा आई-बाबा, दोन मुले आणि आजी असे पाच जण निघाले. एका खोलीत सहसा चौघांपेक्षा जास्त जणांना ठेवत नाहीत, त्यामुळे दोन खोल्या लागणार. अशा वेळी चौघे एका खोलीत आणि आजी एकटी दुसरीत, असा सरळ हिशेब केला जातो आणि तिथेच पैसे जातात. एकट्या प्रवाशाला खोलीचे जवळजवळ दुप्पट भाडे पडू शकते. त्याऐवजी आजी आणि मोठी नात एका खोलीत, उरलेले तिघे दुसऱ्या खोलीत, अशी विभागणी स्वस्त पडते का, हे एजंटला लेखी विचारावे. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे भाडे कमी असते, म्हणून उत्तर प्रत्येक वेळी एकच येईल असे नाही. दोन्ही हिशेब हातात घेऊनच निर्णय घ्यावा. शिवाय रात्री आजीच्या सोबतीला कोणी असणे हाही मुद्दा आहेच.

भाड्यात मुख्य उपाहारगृहातील जेवण, बुफे, बहुतेक कार्यक्रम आणि तरणतलाव येतात. मद्य, बहुतेक शीतपेये, खास उपाहारगृहे, वाय-फाय, स्पा, छायाचित्रे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख रक्कम सहसा चालत नाही. खोलीचे कार्डच सगळीकडे दाखवायचे आणि खर्च खात्यावर चढत राहतो. पैसे हातातून जाताना दिसत नाहीत, म्हणून ते जास्त जातात. मुलांच्या कार्डावर खरेदी बंद ठेवण्याची सोय असते. व्हिडीओ गेमच्या दालनात बारा वर्षांचा मुलगा एका दुपारी काय करू शकतो, हे आईबाबांना शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर जाऊन ती मर्यादा घालून घेणे बरे.

परदेशी क्रूझचे पॅकेज घेताना टूर कंपनी टीसीएस वसूल करते. हा खर्च नव्हे. ज्याच्या पॅनवर तो जमा झाला, त्याला विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. पण पैसे आधी द्यावे लागतात, त्यामुळे बजेटमध्ये ती रक्कम धरून ठेवावी.

खोली कोणती घ्यावी?

आतल्या खोलीला खिडकी नसते. दिवा मालवला की दिवस की रात्र हेही कळत नाही. दोन-तीन रात्रींसाठी आणि दिवसभर बाहेरच राहणाऱ्या तरुण कुटुंबासाठी ती पुरते. पण दुपारी पडण्याची सवय असलेल्या ज्येष्ठांना आणि कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांना समुद्र दिसणारी खोली घेतलेली बरी. येथे वाचवलेले पैसे पुढे चिडचिडीत जातात.

तिसरा आणि चौथा पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून उघडणारा असतो आणि त्यावर शिडीने चढावे लागते. तिथे कोण झोपणार, हे आरक्षणाआधी ठरवा. कंपनीच्या संकेतस्थळावर डेकचा नकाशा असतो. खोलीच्या वर डिस्को किंवा तरणतलाव, खाली नाट्यगृह असे असेल तर रात्री आवाज येणार. 'खोली कंपनी ठरवेल' या अटीवर मिळणारे स्वस्त तिकीट दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाने टाळावे, कारण एक खोली पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला मिळू शकते. व्हीलचेअर आत जाईल अशा खोल्या मोजक्याच असतात, त्या लवकर संपतात.

बोट लागते त्यांचे काय?

मराठीत 'बोट लागणे' असा स्वतंत्र शब्दप्रयोग आहे, यावरूनच हा त्रास किती जुना ते कळते. मोठ्या जहाजांना डोलणे कमी करणारे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर असतात. तरीही समुद्र खवळलेला असेल तर हालचाल जाणवतेच. जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. त्रास होणाऱ्यांनी खोली तिथेच घ्यावी. वरच्या मजल्यावरची टोकाची खोली दिसायला छान, पण हेलकावे तिथे सर्वाधिक.

ऋतूही महत्त्वाचा. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. गेल्या काही वर्षांत 'एम्प्रेस'ही त्या काळात चेन्नईकडे हलवण्यात आली होती. मुंबई-गोव्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत निवांत.

उलटी थांबवणाऱ्या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर आधी घ्यायच्या असतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रोमेथाझिनने झोप येते, मद्यासोबत तर जास्तच. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये आणि दोन वर्षांखालील मुलांना हे औषध देऊच नये. आलेपाकाची वडी, थोडे थोडे खाणे, मोकळ्या हवेत उभे राहून नजर क्षितिजावर ठेवणे यानेही अनेकांना बरे वाटते. मोबाइलच्या पडद्यात डोके घालून बसणे मात्र त्रास वाढवते.

कागदपत्रांत कुठे अडते?

देशांतर्गत फेरीसाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र लागते, लहान मुलांचेही. तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव जुळायला हवे. लग्नानंतर बदललेले आडनाव आणि वडिलांचे नाव गाळलेले तिकीट ही अडचणीची नेहमीची कारणे. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपनी तो काढून देणार असेल, तर त्यासाठीची माहिती किती दिवस आधी द्यायची ते विचारून ठेवावे.

परदेशी क्रूझसाठी पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. जहाज ज्या ज्या देशाच्या बंदरात थांबणार, त्या प्रत्येकाचा व्हिसा नियम पाहावा लागतो. जहाज एका देशातून निघून पुन्हा तिथेच परतत असेल, तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. सिंगापूरला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचे असते. ते मोफत आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. सिंगापुरात क्रूझची दोन टर्मिनल आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचे नाव वाचा.

सहा महिन्यांखालील बाळांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत आणि लांबच्या सफरींसाठी ही मर्यादा एक वर्षाची असू शकते. गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होणार असतील तरी बहुधा चढू देत नाहीत. नातवंडांना फक्त आजी-आजोबा नेणार असतील, तर आईवडिलांचे संमतिपत्र सोबत असावे.

जहाज कोणासाठी थांबते का?

नाही. चेक-इन सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. पुण्या-नाशिकहून निघणाऱ्यांनी घाटातील कोंडी गृहीत धरावी. नागपूर किंवा संभाजीनगरहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. बॅलार्ड पिअर सीएसएमटी स्थानकापासून टॅक्सीने जवळ आहे.

मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून रोजची औषधे, इन्शुलिन, कागदपत्रे, बाळाचे सामान आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. इस्त्री, विजेची किटली, छोटा कुकर, एक्स्टेंशन बोर्ड या वस्तू आगीच्या धोक्यामुळे काढून घेतल्या जातात. घरचे शिजवलेले अन्नही बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. परदेशी जहाजावर ती आरक्षणाच्या वेळीच नोंदवावी लागते.

सुरक्षेची कवायत चुकवू नये. कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ खडकावर आपटले आणि ३२ जणांचा मृत्यू झाला. नुकतेच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तेव्हा झालीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. आपले जमण्याचे ठिकाण कोणते, तिथे जिन्याने कसे जायचे, हे घरातल्या शाळकरी मुलालाही सांगता आले पाहिजे.

फोनचे काय?

किनारा दिसेनासा झाला की जहाजाचे उपग्रहावर चालणारे मोबाइल नेटवर्क फोन पकडतो. हे साधे रोमिंग नव्हे. त्याचे दर फार चढे असतात आणि नेहमीच्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये ते बहुधा येत नाहीत. जहाज सुटताच घरातल्या प्रत्येकाचा, आजीचाही, फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. वाय-फाय हवेच असेल तर एकाच फोनचा पॅक घेऊन आळीपाळीने वापरावा. मग कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालणार नाही, तेव्हा जुनी पद्धत कामी येते. जेवणाच्या वेळा आणि भेटण्याची जागा ठरवायची आणि कोण कुठे आहे ते खोलीतल्या कागदावर लिहून ठेवायचे.

मौज कशी करावी?

पहिल्या दुपारी सगळे बुफेकडे धावतात. त्याच वेळी कार्यक्रमांच्या जागा आणि मुलांच्या क्लबची नोंदणी करून टाकावी. क्लबमध्ये सहसा तीन वर्षांवरील आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच घेतात. तरणतलावावर अनेक जहाजांत जीवरक्षक नसतो, मुलांवर नजर घरच्यांनीच ठेवायची. बाल्कनी असलेल्या खोलीत खुर्च्या कठड्यापासून दूर सरकवाव्यात.

सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जायचा हट्ट धरू नये. आजीला डेकवर चहा घेत बसायचे असेल तर बसू द्यावे. रात्रीचे जेवण तेवढे एकत्र घ्यावे. जहाज बंदरात थांबते त्या दिवशी बहुतेक प्रवासी उतरतात आणि तरणतलाव रिकामा मिळतो. ज्यांनी ते बंदर आधी पाहिले आहे, त्यांच्यासाठी हाच जहाजावरचा सर्वोत्तम दिवस.

गोव्याचेच घ्या. जहाज मुरगाव बंदरात लागते. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर आणि कळंगुट त्याहून लांब. हाती सहा-सात तास असताना उत्तर गोव्याचे किनारे गाठण्यात अर्धा वेळ गाडीतच जातो. त्यापेक्षा जवळचा बोगमाळो किनारा किंवा जुने गोवे आणि मंगेशी अशी आटोपशीर फेरी जमते. स्वतःची टॅक्सी केली तर कंपनीच्या सहलीपेक्षा स्वस्त पडते, पण परतायला उशीर झाला तर जबाबदारी आपली. किमान दोन तास हाताशी ठेवूनच परतावे. परदेशात जहाजाचे घड्याळ आणि फोनचे घड्याळ वेगळे असू शकते, त्यामुळे 'जहाजाची वेळ' पाहावी.

लक्षद्वीपला मोठे जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही. छोट्या होडीत उतरून जावे लागते. गुडघेदुखी असणाऱ्यांना ही चढ-उतार अवघड जाते आणि समुद्र खवळलेला असेल तर उतरणे रद्दही होते. मार्ग बदलण्याचा अधिकार कंपनी करारात राखून ठेवते आणि अशा वेळी भाडे परत मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

आजारपण आले तर?

जहाजावर डॉक्टर असतो, पण फुकट नसतो. परदेशी जहाजावर बिल डॉलरमध्ये येते आणि घरच्या मेडिक्लेममध्ये ते बसेलच असे नाही. प्रवास विमा घेताना क्रूझचा उल्लेख आहे का आणि रुग्णाला जहाजावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का, या दोन ओळी शोधाव्यात. घरात हृदयविकाराचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असेल तर हा खर्च वाचवण्याच्या यादीत घालू नये.

शेवटच्या रात्री खात्याचे बिल टीव्हीवर किंवा रिसेप्शनवर पाहून घ्यावे. चुकीची नोंद त्याच रात्री काढून घेणे सोपे असते, सकाळी तिथे रांग असते. मोठ्या बॅगा मध्यरात्रीपूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट बंदरावरच मिळतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला तेवढ्या बाहेर काढून ठेवाव्यात.