भाद्रपदातील शनिवार-रविवार

दुकानाच्या फळ्या लागल्या की व्यापाऱ्याची सुटी सुरू होते, असा दुकानाबाहेरच्या मंडळींचा समज असतो. प्रत्यक्षात गिऱ्हाईक पाठ फिरवते न फिरवते तोच घरचे, गल्लीचे आणि गावचे तगादे उंबऱ्याशी येऊन उभे राहतात. एरवी ते एकेक करून येतात. भाद्रपदात मात्र सर्व एकदम येतात.

७ सप्टेंबर २०२४ चा शनिवार आमच्या बेळगावच्या सभासदांना सहज आठवेल. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि श्वेतांबर मूर्तिपूजक बांधवांची संवत्सरीही त्याच दिवशी आली. स्थानकवासी व तेरापंथी घरांतून ती दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी झाली, आणि त्याच रविवारी दिगंबर बांधवांच्या दशलक्षण पर्वास प्रारंभ झाला. पर्युषण व गणेशोत्सव बहुतेक वर्षी असे एकमेकांस लागूनच येतात. त्यात शनिवार-रविवारचा योग जुळला म्हणजे ज्यांची सुटी ठरलेली असते त्यांना आनंद होतो; व्यापाऱ्याची मात्र तारांबळ उडते.

कारण उघड आहे. किराण्याच्या व्यापाऱ्याला चतुर्थीचा आधीचा आठवडा म्हणजे ऐन विक्रीचा. नारळ, गूळ, रवा, खोबरे, कापूर यांची मागणी रविवार पेठेत श्वास घेऊ देत नाही. ज्या दिवशी धर्माने दुकान बंद ठेवावयाचे, त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तराजू हलत असतो. शनिवारी चतुर्थीची व रविवारी नेहमीची अशी बँकांना सलग दोन दिवस सुटी पडली. शुक्रवारचा रोख गल्ला सोमवारपर्यंत सांभाळणे आले. जीएसटीच्या विक्रीचे मासिक विवरण ११ तारखेच्या आत भरावयाचे आणि प्राप्तिकराच्या आगाऊ भरण्याचा दुसरा हप्ता १५ तारखेचा. आणि नेमके त्याच सुमारास हिशेबनीस गणपतीसाठी गावी गेलेले!

हिशेबनीसाचे गावी जाणे हा त्यांचा हक्क आहे, हेही येथेच म्हटले पाहिजे. त्या वर्षी गौरींचे आवाहन १० तारखेस आणि विसर्जन १२ तारखेस होते. खानापूर तालुक्यातील आपल्या गावी गेलेला माणूस गौरी उठविल्याशिवाय परतणार नाही, हे मालकाने गृहीतच धरावे. आपले पर्व पाळण्यासाठी दुकान बंद ठेवणाऱ्याने नोकराच्या सणाला कुरकुरत रजा द्यावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. रजा व उचल दोन्ही गुरुवारीच हाती पडली, तर त्याच्याही घरी बाजार वेळेवर पोहोचतो.

आता घराकडे वळू. संवत्सरीचे प्रतिक्रमण सुमारे तीन तास चालते. त्याची वेळ टळत नाही व ते दुसऱ्याने करून भागत नाही. ज्या घरी कोणी अठ्ठाई केली असेल, तेथे पारण्याची घटकाही ठरलेलीच असते. परंतु आम्ही अनेक घरांतून एक गोष्ट पाहत आलो आहोत, आणि ती या स्मरणिकेत लिहिण्यास संकोच वाटू नये. सूनबाईंचा आठवा उपवास आहे, तरी मुलांचा स्वयंपाक, सासूबाईंचे औषधपाणी व पारण्यास येणाऱ्या पाहुण्यांची तयारी त्याच पाहत आहेत. आणि घरधनी मंडळाच्या मांडवात स्वागत समितीवर आहेत. अशा गृहस्थांची समाजसेवा आम्ही अर्धीच धरू. उरलेली अर्धी सूनबाईंच्या नावे जमा केली पाहिजे.

गल्लीचे ऋण नाकारावे, असा याचा अर्थ नव्हे. वर्षभर ज्यांच्या खरेदीवर दुकान चालते त्यांच्या आरतीस न जाणे हे माणुसकीत बसत नाही. आरती रात्री, आणि चौविहार पाळणाऱ्याचे मुख सूर्यास्तालाच बंद झालेले. पण यात अडचण ती कोणती? प्रसाद घ्यावा, कपाळी लावावा, पुडीत बांधून सकाळपर्यंत ठेवावा. जुने शेजारी तर खडीसाखर व सुक्या खोबऱ्याची पुडी आधीच बाजूला काढून ठेवतात.

रक्तदान शिबिराची गोष्ट मात्र निराळी. मंडळे ही शिबिरे उत्सवातच भरवितात, आणि उत्साही तरुण उपवासाच्या अंगानेच रांगेत उभे राहतात. उपाशीपोटी रक्त घेतले जात नाही. दात्याने त्या दिवशी व्यवस्थित जेवलेले असावे लागते. वयाची अठरा वर्षे पूर्ण आणि वजन निदान ४५ किलो हवे. तेव्हा घरातील ज्याचा उपवास नाही त्याने जावे; उपवास करणाऱ्याने तेवढा वेळ दुकानाच्या किल्ल्या सांभाळाव्यात. पुरुषाला तीन व स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, म्हणून पुढची पाळी त्याची.

राहिले नगराचे काम. ते कोणी दाराशी येऊन मागत नाही, म्हणून नेहमी शेवटी पडते. मतदार यादीत नाव येण्यासाठी २०२२ पासून वर्षात चार तारखा धरल्या जातात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. भाद्रपदात घरचे कोणी ऑक्टोबरच्या आत अठरा वर्षांचे होत असेल, तर सहा क्रमांकाचा अर्ज त्याच्याकडूनच भरून घ्यावा; वडिलांनी भरून दिलेला अर्ज मुलगा विसरतो. दुसरे काम आपल्याच फळीवरचे. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तो माल गुपचूप विकावयाचा आणि विसर्जनानंतर तलावाच्या सफाईला वर्गणी द्यावयाची, हा व्यवहार कोणत्याही वहीत जुळणार नाही.

हे सर्व एका माणसाच्या अंगावर घातले तर तो थकतो आणि चिडतो, व प्रतिक्रमणात बसूनही त्याचे चित्त गल्ल्याकडे राहते. म्हणून गुरुवारी रात्री घरातील सर्वांनी, बायकांसह, एकत्र बसून वाटणी करावी. ज्या कामांना ठरलेली वेळ आहे ती आधी मांडावीत, मग ज्यांना ठरलेले माणूस लागते ती. वर्गणी, सभा, भेटीगाठी या दोन दिवस पुढे गेल्याने कोणाचे बिघडत नाही. गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत मांडवातच असतात.

२०२७ साली गणेश चतुर्थी ४ सप्टेंबरला, पुन्हा शनिवारीच आहे. त्या वर्षी रजेची वही श्रावणातच उघडावी लागेल, आणि हिशेबनीसांना सर्वांच्या आधी विचारावे लागेल.