“काही नाही, घरीच असते” म्हणण्याआधी



अर्जात ‘व्यवसाय’ हा रकाना आला की आपलं उत्तर ठरलेलं असतं, “काही नाही, घरीच असते.” हे उत्तर खरं नाही, असं आयुष्यभर सांगणाऱ्या एका बाईंची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव अंदाये.

त्या गयानाच्या. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा लहानसा देश. तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला गोऱ्या मालकांनी आधी आफ्रिकेतून गुलाम आणले. पुढे १८३८ पासून आपल्या भारतातून करारावर मजूर नेले. दोघांचीही लेकरं आज तिथेच राहतात, पण राजकारणाने त्यांच्यात फूट पाडली.

अंदाये यांचा जन्म १९४२ चा. आधी शिक्षिका, मग चळवळीतल्या कार्यकर्त्या आणि लेखिका. १९८० नंतर गयानात फार हलाखी आली. गव्हाचं पीठ बाहेरून आणायलाही सरकारने बंदी केली. रांगेत उभं राहायचं, मिळेल त्यात सगळ्यांची पोटं भरायची, हे कुणाच्या वाट्याला आलं? बायकांच्याच!

१९८६ मध्ये अंदाये आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘रेड थ्रेड’, म्हणजे ‘लाल धागा’, ही संघटना काढली. सुरुवात केली भरतकामापासून. भारतीय वंशाच्या आणि आफ्रिकी वंशाच्या बायका एकत्र येऊन टाके घालू लागल्या. हातात दोन पैसे आले, मन मोकळं करायला जागा मिळाली.

पण कमाई सुरू झाली म्हणून घरचं काम थोडंच कमी होतं? ते तर कुणी मोजतही नाही. म्हणून ‘रेड थ्रेड’ने बायकांच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहून काढला. स्वयंपाक, धुणं, पोरंबाळं, आजारी माणसाची सेवा, सगळं मांडलं. वंश कुठलाही असो, बाईचं राबणं सारखंच लांबलचक निघालं. या कामावरच घर आणि देश उभा आहे, असं अंदाये ठणकावून सांगत. २०१९ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या लेखांचं पुस्तक निघालं.

आपण गटात बचतीचा पै-पैचा हिशेब ठेवतो. मग एकदा दिवसाचाही ठेवून बघूया. पहाटे उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंतचं एका दिवसाचं काम वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर लेकीला, सुनेला सांगा. पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर वाचा आणि घरातल्या पुरुषांनाही ऐकवा.

मग सांगा, “काही नाही” म्हणायला जीभ रेटते का?