वाटेवर पडलेला अनोळखी मनुष्य



मे महिन्यांतील दुपार आहे असें समजा. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीकडून गांवांत येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, निंबाच्या विरळ सावलींत, एक मनुष्य आडवा पडलेला आहे. सदरा मळलेला, एक चप्पल पायांत, दुसरी दोन हातांवर. तो आपल्या ओळखीचा नाहीं. लोखंडाच्या कारखान्यांत काम करावयास परप्रांतांतून आलेल्या मजुरांपैकीं एखादा असेल. येणारे-जाणारे त्याच्याकडे पाहतात, क्षणभर थबकतात आणि "पिऊन पडला असेल" एवढें मनाशीं म्हणून पुढें जातात. आपणही त्यांच्यांतलेच एक आहां. खिशांत दूरध्वनि आहे. हात खिशाकडे जातो आणि तेथेंच थांबतो.

तो हात कां थांबतो आणि त्यानें थांबावें कीं नाहीं, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. आपलीं मनें दगडाचीं असतात म्हणून तो थांबतो, असें मला वाटत नाहीं. उन्हाळा लागला कीं जागोजागीं पाणपोई घालणारे लोक आपण आहों. अनोळखी वाटसरूला पाणी द्यावयाचें तर त्याचें नांव-गांव विचारावें असें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. मग तोच वाटसरू रस्त्यांत कोसळला म्हणजे आपण एवढे चाचरतों कशामुळें?

पहिली अडचण त्या "पिऊन पडला असेल" ह्या वाक्यांतच आहे. तें वाक्य खोटें असतें असें नव्हे. पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु तें आपणांस रस्त्यावरून जातां जातां कसें कळलें? जालन्याच्या बाजूस मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हांत दिवसभर राबणाऱ्या मनुष्यास उष्माघात झाला कीं शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची शक्ति संपते, अंगांतील उष्णता चाळीस अंशांच्या पलीकडे चढते, आणि मग तो बरळूं लागतो, झोंकांड्या खातो, शेवटीं शुद्ध हरपतो. मधुमेहाच्या रोग्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरली म्हणजे त्यास दरदरून घाम फुटतो, जीभ जड होते, पाय लटपटतात. अपस्माराचा झटका येऊन गेल्यावर रोगी कांहीं काळ गुंगींत असतो. पक्षाघाताच्या आरंभीं बोलणें बोबडें होतें. डोक्यास मार लागलेला मनुष्य वांती करतो आणि भलतेंच बोलतो. ह्यांतील प्रत्येक चित्र दुरून पाहणारास दारुड्याचेंच दिसेल! आणि ज्यानें खरोखरीच दारू घेतली आहे, तो पडतांना डोकें आपटून घेऊं शकत नाहीं कीं उताणा पडून स्वतःच्या ओकारीनें गुदमरूं शकत नाहीं, असें थोडेंच आहे? तोंडास दारूचा वास आला म्हणजे निदान संपलें असें कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाहीं.

तेव्हां "ह्यास खरोखरीच कांहीं झालें आहे काय?" हा प्रश्न आपण स्वतःस विचारतों, तेथेंच आपलें चुकतें. त्याचें उत्तर देणें आपलें काम नव्हे आणि तें आपणांस साधणारही नाहीं. आपणांस साधण्यासारखा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. चार पावलें जवळ जाऊन मोठ्यानें हांक मारावी : "बाबा, काय होतंय? बरं नाहीं का?" तेवढ्यानें भागलें नाहीं तर खांद्यावर हलकेंच थोपटावें. तो उठून बसला, आपलें नांव-गांव नीट सांगूं लागला, "जरा पडलों होतों" म्हणाला, तर पाणी हवें काय, घरीं कोणास कळवावयाचें काय, हें त्यालाच विचारावें आणि त्याच्या इच्छेस मान द्यावा. शुद्धीवर असलेल्या मनुष्याला नको असलेली मदत त्याच्या गळ्यांत बांधण्याचा अधिकार आपणांस नाहीं. उलट, हांकेला ओ मिळाली नाहीं, बोलणें असंबद्ध असलें, श्वास घरघरत किंवा थांबत-थांबत चालला असला, अंग झटके देत असलें अथवा रक्त वाहत असलें, तर निर्णय झालाच म्हणून समजावें. जवळ जाण्याची भीति वाटत असल्यास, विशेषतः एकट्या स्त्रीला ती वाटणें स्वाभाविक आहे, दुरूनही दूरध्वनि करतां येतो.

ह्यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाहीं. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ सालीं सुरू झाली, तेव्हां सबंध राज्यासाठीं ९३७ गाड्या होत्या. उगाच एक गाडी बोलावली तर दुसरीकडे खरा अडलेला रोगी खोळंबणार नाहीं काय? खोळंबूं शकतो, म्हणूनच आधीं हांक मारावयाची. पण हांक मारूनही संशय फिटला नाहीं, तर तो संशय जसाच्या तसा दूरध्वनीवर सांगावा. पलीकडचा मनुष्य ह्याच कामासाठीं बसलेला असतो. तो प्रश्न विचारतो आणि काय पाठवावयाचें तें ठरवितो. आपण बातमी द्यावयाची, निवाडा नव्हे. जाणूनबुजून खोटी बातमी देणें हा अपराध आहे. प्रामाणिक चूक हा अपराध नव्हे.

दुसरी अडचण गर्दीची. भोंवतीं माणसें असलीं कीं मदत लवकर मिळेल असें आपण धरून चालतों. न्यूयॉर्कमध्यें डार्ली आणि लाताने ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला व तो १९६८ सालीं प्रसिद्ध केला. निरनिराळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रावरून एकमेकांशीं बोलत असतांना विद्यार्थ्यांच्या कानीं असें पडे कीं आपल्यांतील एकास झटका आला आहे. हें ऐकणारा आपण एकटाच आहों असें ज्यांस वाटत होतें, त्यांच्यांतील शंभरीं ८५ जणांनीं झटका संपण्यापूर्वींच बाहेर येऊन खबर दिली. आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांस वाटत होतें, त्यांच्यांत हें प्रमाण ३१ वर आलें. ह्यांतील माझ्या मतें सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, जे उठले नाहींत ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात कांपत होते, तळवे घामेजले होते. ते निर्दय नव्हते, अडकलेले होते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही आपली म्हण ह्याहून निराळें काय सांगते?

आपल्या लोकांविषयीं अगदींच निराश होण्याचेंही कारण नाहीं. तीन देशांतील शहरांच्या रस्त्यांवरील भांडणांचीं चलच्चित्रें अलीकडे अभ्यासकांनीं तपासलीं, तेव्हां दहांपैकीं नऊ प्रसंगीं कोणी ना कोणी मध्यें पडलेला आढळला. अडते ती पहिली हालचाल. म्हणून गर्दींत उभे असतां मोघम "अहो, कोणीतरी फोन करा" असें ओरडूं नये. "दादा, निळा सदरावाले, तुम्ही १०८ लावा, मावशी, तुम्ही पदरानें वारा घाला" असें एकेकाकडे बोट करून सांगावें. आणि "कोणी लावला आहे काय?" ह्या प्रश्नास स्पष्ट होकार आला नाहीं, तर तो लागलेला नाहीं असेंच धरावें.

हें सर्व नुसतें पुस्तकी नाहीं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, जालना जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजाजवळ समृद्धि महामार्गावर नागपुराहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी जळून मेले. जे थोडे वांचले ते कांच फोडून बाहेर पडले. धांवून गेलेल्या गांवकऱ्यांपैकीं एकानें नंतर वृत्तप्रतिनिधींस सांगितलें कीं, रस्त्यानें जाणारीं वाहनें थांबलीं असतीं तर आणखी कांहीं जीव वांचले असते. त्या वाहनांत कोण होते आणि त्यांनीं काय पाहिलें, ह्याचा निवाडा येथें बसून करणें बरें नव्हे. ताशीं १२० किलोमीटरच्या मार्गावर अंधारांत एकाएकीं गाडी थांबविणें हें स्वतःच संकट आहे. परंतु थांबणें आणि कळविणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. शेजारीं बसलेल्या सहप्रवाशास कळवितां येतें. एकटा चालक असेल तर त्यास पुढें सुरक्षित जागीं गाडी कडेला घेऊन तें करितां येतें.

आतां तिसरी अडचण, आणि खरें बोलावयाचें तर सर्वांत मोठी. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपल्याकडे म्हणतात. जखमीस हात लावला कीं नसतें लचांड गळ्यांत पडेल, नांव लिहून घेतील, साक्षीसाठीं खेटे घालावे लागतील, ही भीति आपल्या वडिलांनीं आपणांस दिली, आणि त्यांच्या काळीं ती निराधार नव्हती. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्याच्या मुळाशीं असाच प्रकार होता : मोटारीच्या धक्क्यानें पडलेल्या एका स्कूटरस्वाराला एका सज्जनानें इस्पितळांत नेलें, पण तेथें पोलिसी प्रकरणें घेत नाहींत म्हणून त्यास वीस किलोमीटर दूरच्या दुसऱ्या इस्पितळाकडे धाडण्यांत आलें आणि वाटेंतच त्याचा प्राण गेला. आधीं प्राण वांचवावा, कागद मागाहून, असें सर्वोच्च न्यायालयानें त्या वेळीं सर्व डॉक्टरांस, सरकारी असोत वा खासगी, निक्षून सांगितलें. तरीही मदत करणाराची भीति उरलीच. तिच्याकडे न्यायालयाचें लक्ष 'सेव्ह लाइफ फाउंडेशन' ह्या संस्थेनें वेधलें. केंद्र सरकारनें २०१५ सालीं काढलेलीं मार्गदर्शक तत्त्वें न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं बंधनकारक ठरविलीं, २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत कलम १३४ अ घालण्यांत आलें, आणि २०२० च्या आक्टोबरापासून त्याचे नियमही अमलांत आले.

त्यांचा अर्थ साध्या भाषेंत असा. मोटार-अपघातांतील जखमीस जो मनुष्य सद्भावनेनें, मोबदल्याची अपेक्षा न धरितां मदत करतो, त्याच्या हातून मदत करतांना कांहीं चूक झाली आणि जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाहीं. पोलीस किंवा अन्य कोणी त्यास नांव, पत्ता सांगण्याची सक्ति करूं शकत नाहीं. आपण होऊन तो साक्षीदार व्हावयास तयार असेल, तरच त्याचा जबाब घ्यावयाचा. तोही त्याच्या सोयीच्या वेळीं व जागीं, आणि एकदांच. त्याच्या घरीं जावयाचें तर पोलिसानें साध्या वेषांत जावयाचें. हें विशेष संरक्षण मोटार-अपघातापुरतें आहे, हें मी झांकून ठेवीत नाहीं. निंबाखालच्या आपल्या मजुरास तें लागूं नाहीं. परंतु बेशुद्ध मनुष्याच्या हितासाठीं सद्भावनेनें केलेल्या कृत्यास पूर्वीच्या दंड विधानांत संरक्षण होतें आणि १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्येंही तें आहे. शिवाय नुसता दूरध्वनि करणारानें रोग्याच्या अंगास हातही लावलेला नसतो.

दूरध्वनि लागला म्हणजे काय सांगावयाचें? सर्वांत आधीं ठिकाण. बोलणें मध्येंच तुटलें तरी गाडी निघूं शकते. १०८ ची हांक जालन्यांत नव्हे, तर पुण्याच्या मध्यवर्ती केंद्रांत घेण्याची व्यवस्था आरंभापासून झाली. ऐकणारास आपला वड, आपलें मारुतीचें देऊळ माहीत नसतें. "जालना रोडवर" एवढ्यानें तर कांहींच कळत नाहीं, कारण आसपासच्या प्रत्येक गांवीं एक जालना रोड असतोच! अंबडचा रस्ता कीं भोकरदनचा, कोणतें गांव मागें पडलें, तोंड कोणीकडे, जवळ पेट्रोलपंप कोणता, आणि महामार्ग असल्यास कडेच्या खांबावरील किलोमीटरचा आंकडा, हें सांगावें. मग माणसें किती, शुद्धीवर आहेत काय, श्वास चालतो काय. पलीकडून "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवूं नये. आग लागली असेल किंवा मारामारी चालू असेल, तर ११२.

गाडी येईपर्यंत थोडेंच करावयाचें असतें. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. झटका आलेल्यास कांदा वा चप्पल हुंगवूं नये, दांतांत चमचा घालूं नये. भोंवतालचे दगड दूर सारावेत आणि झटका ओसरल्यावर त्यास कुशीवर वळवावें. उन्हानें कोसळलेल्यास सावलींत घेऊन कपडे सैल करावेत, अंग ओलें करून वारा घालावा. अपघातांतील जखमीस, आगीचें भय नसेल तर, ओढूं-उचलूं नये. रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ फडकें घट्ट दाबून धरावें.

गाडी आली म्हणजे आपण कधीं पाहिलें, त्यानंतर काय झालें आणि आपण काय केलें, एवढें डॉक्टरांस सांगून आपल्या वाटेनें जाण्यास हरकत नाहीं. ह्या हक्कांची सनद मराठींतही लिहून प्रत्येक इस्पितळाच्या दर्शनी भागीं लावावी, असा नियम आहे. एरवीं कोणा नातलगास भेटावयास इस्पितळांत जाल, तेव्हां ती तेथें लागलेली आहे काय हें पाहून घ्या. नसेल तर कचेरींत विचारा.