तळपायांची आग आणि फोनवरचा आवाज

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्याला एम्स किंवा सफदरजंग रुग्णालय रिक्षाने गाठता येतं. बिहारमधून एम्सला येणाऱ्याची मात्र आख्खी रात्र गाडीत जाते. त्यात तळपायांची आग होत असेल, तर दर महिन्याची ही खेप म्हणजे शिक्षाच.

मधुमेहाने किंवा नागिणीने मज्जातंतूंना इजा झाली, की ते विनाकारण मेंदूकडे वेदनेचे संदेश धाडत राहतात. मुंग्या येतात, सुया टोचतात, पायावर चादरसुद्धा सोसवत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो, पण गुंगी आणि चक्कर सगळ्यांनाच झेपते असं नाही. अशा रुग्णांसाठी संमोहनाचा जोड-उपचार म्हणून गांभीर्याने विचार व्हायला हवा.

हे रंगमंचावरचं संमोहन नव्हे. डोळे मिटून, श्वास संथ करून रुग्ण जागाच असतो. मानसोपचारतज्ज्ञ सांगतो, ‘पाय गार पाण्यात सोडलेत, गारवा घोट्यापर्यंत चढतोय.’ याने काय होतं, हे १९९७ साली पियेर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या चित्रणातून दाखवलं. निरोगी माणसांचा हात ४७ अंशांच्या पाण्यात होता. संमोहनात ‘त्रास कमी वाटेल’ किंवा ‘जास्त वाटेल’ असं सुचवलं, तसं वेदनेच्या त्रासाशी निगडित अग्र सिंग्युलेट भागाचं काम बदललं. स्पर्शसंवेदना टिपणाऱ्या भागाचं बदललं नाही. पाणी तेवढंच गरम होतं. पुढे २००१ मध्ये वेदनेची तीव्रताच कमी-जास्त होईल अशा सूचना दिल्या, तेव्हा संवेदनेच्या भागातही फरक दिसला. म्हणजे कोणते शब्द वापरायचे, यालाही महत्त्व आहे.

या उपचाराचं साधन आवाज आहे, म्हणून तो फोनवरून किंवा व्हिडिओवरून देता येतो. रेकॉर्डिंग ऐकत रुग्ण घरी रोज सराव करू शकतो. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम भारतात मार्च २०२० पासून आहेत. सूचनांना मन किती प्रतिसाद देतं, हे मात्र माणसागणिक वेगळं असतं; काहींना बराच आराम पडतो, काहींना जेमतेम. इजा झालेला मज्जातंतूही याने दुरुस्त होत नाही.

म्हणून पहिली तपासणी समोरासमोरच हवी. डॉक्टर नायलॉनचा बारीक धागा तळपायावर वाकेपर्यंत टेकवतात आणि रुग्णाला डोळे मिटायला सांगून ‘कळलं का?’ विचारतात. तो स्पर्श कळला नाही, तर जखमही कळेलच असं नाही. ही तपासणी फोनवरून होत नाही. सत्रं सुरू असताना पायाला फोड आला, बधिरपणा वाढला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर थेट दवाखाना गाठायचा आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत.