गायकवृंदाच्या बेस गिटारसाठी स्पीकर कसा निवडावा?

आपल्या धर्मग्रामांतील तरुण कीबोर्डच्या जोडीला बेस गिटारही शिकू लागले आहेत, ही आनंदाची बाब होय. मात्र या वाद्यासाठी स्पीकरचा बॉक्स घेताना ‘जितका मोठा तितका चांगला’ असा समज आढळतो. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले व पवित्र कार्यास साजेशी अन्य वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास मुभा दिली. १९६७ च्या ‘मुझिकाम साक्राम’ या सूचनापत्राने वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, गीतातील शब्द बुडवू नयेत, असे बजावले. बॉक्सची निवडही याच कसोटीवर करावी.

चार तारांच्या बेस गिटारचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. इतका खोल स्वर निर्माण करण्यासाठी स्पीकरला पुष्कळ हवा हलवावी लागते. त्यामुळे लहान आकार, खोल स्वर आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच बॉक्समध्ये मिळत नाहीत. चर्चमध्ये खोलपणा थोडा कमी असला तरी चालतो. कारण मूळ स्वर क्षीण असला तरी त्याच्या वरच्या उपस्वरांवरून कान तो ओळखतो. उलट उंच छताच्या दगडी चर्चमध्ये खालचे स्वर रेंगाळतात व शब्द अस्पष्ट होतात. म्हणून सामान्य गायकवृंदास १० किंवा १२ इंची एक स्पीकर बहुधा पुरेसा होतो.

केवळ वॅटच्या आकड्यावर भुलू नये. वॅट दुप्पट केल्याने आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हा आकडा अवश्य विचारावा. ९७ डेसिबलचा बॉक्स १०० वॅटवर जेवढा आवाज देतो, तेवढ्यासाठी ९४ डेसिबलच्या बॉक्सला २०० वॅट लागतात.

ओमचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. ८ ओमचे दोन बॉक्स समांतर जोडले की अँप्लिफायरवर ४ ओमचा भार येतो; ४ ओमचे दोन जोडल्यास तो २ ओमवर येतो. अँप्लिफायर किमान ४ ओमचा असेल, तर दुसऱ्या जोडणीने तो तापून बिघडू शकतो. पुढे दुसरा बॉक्स घेण्याचा विचार असल्यास पहिला ८ ओमचा घ्यावा. अँप्लिफायर व बॉक्स जोडण्यासाठी स्पीकरचीच जाड वायर वापरावी, गिटारची नव्हे.

सज्जाच्या अरुंद जिन्यावरून किंवा वाडीतील क्रुसाजवळच्या प्रार्थनेसाठी बॉक्स कुणाला तरी उचलून न्यावा लागतो. निओडिमियम चुंबकाचे स्पीकर नेहमीच्या फेराइट चुंबकाच्या स्पीकरपेक्षा बरेच हलके, पण महाग असतात. जो बॉक्स एका व्यक्तीला सहज उचलता येतो, तोच नियमित वापरला जातो.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास बॉक्स चर्चमध्ये आणून वाजवून पाहावा. तो कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर फुगतात. म्हणून भिंतीपासून थोडा दूर ठेवावा. मग गायकवृंदाला एखादे गीत गाण्यास सांगून शेवटच्या बाकावर बसलेल्या आजीला विचारावे, “शब्द ऐकू आले का?” त्यांचे उत्तर ‘होय’ असेल, तर धर्मग्रामाचा पैसा सत्कारणी लागला असे समजावे.