मनगटावरील घड्याळाचा उसना आवाज

पहाटे अंबाझरी तलावाच्या कांठीं फिरावयास जाणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांच्या मनगटावर हल्लीं स्मार्टवॉच दिसतें. तें नाडीचे ठोके मोजतें, संदेशांची वर्दी देतें. कांहीं घड्याळांतून बोलतांहि येतें. मग मोबाईल घरीं राहिला तर काय बिघडलें, असें पुष्कळांस वाटतें. ह्या समजुतींत धोका आहे, म्हणून आम्हीं हा विषय घेतला आहे.

मोबाईलचा मनोरा कित्येक शें मीटर, कधीं त्याहूनहि दूर असतो. तेथवर लहरी पोंचविण्याची शक्ति घड्याळाच्या चिमुकल्या बॅटरीस फार वेळ पुरवीत नाहीं. म्हणून बहुतेक घड्याळें खिशांतील मोबाईलशींच ब्लूटूथनें बोलतात. ह्या लहरींचीं कंपनें सेकंदास सुमारें २४० कोटि. परंतु त्यांची धांव साधारणतः १० मीटर, आणि भिंतीच काय, आपलें शरीरहि त्यांस अडवितें. लहान मूल थोरल्या भावाच्या कानांत सांगतें व तो दूरवर हांक मारतो, तसाच हा प्रकार. भाऊच जवळ नसेल तर हांक कोणी मारावी?

ठोके मोजण्याचें काम घड्याळ एकटेंहि करतें व मागाहून सांठविलेली माहिती मोबाईलच्या हवालीं करतें. मदत बोलावणें मात्र त्यास साधत नाहीं. स्वतंत्र ई-सिम चालू असलेलीं घड्याळें तेवढीं अपवाद होत. ॲपलचें असें घड्याळ भारतांत २०१८ मध्यें आलें.

विद्यार्थिमित्रहो, आजोबांचा मोबाईल घरीं ठेवून त्यांच्यासह कोपऱ्यापर्यंत जा व घड्याळावरून घरीं फोन लावून पाहा. लागला नाहीं, तर उद्यांपासून मोबाईल त्यांच्या खिशांत घालणें हें तुमचें काम.